झांबियातली कांडणाची गाणी

बाबा, तुमची ती कॅसेट हरवली नव्हती, मी लपवली होती. झांबियातल्या खेड्यात गणित शिकवत असताना तुम्ही मका कांडणाऱ्या बायकांची गाणी टेप करून आणली होती, आणि पुण्याला परतल्यावर दर रविवारी ती लावायचात. मी अकरा वर्षांची. वक्तृत्व स्पर्धेसाठी नेमक्या त्याच कॅसेटवर स्वतःचं भाषण रेकॉर्ड करून बसले. काय केलं ते कळलं तेव्हा कॅसेट दप्तराच्या तळाशी लपवली. संध्याकाळी तुम्ही कपाट उपसताय, आई पोळ्या लाटतेय. "माझ्या वस्तूंना हात लावू नकोस म्हणून हजारदा सांगितलंय!" तुम्ही तिच्यावर ओरडता. "चुकलं माझं. आवरताना गेली असेल कुठेतरी," ती म्हणते. मी दाराआडून ऐकतेय. त्यानंतर तुम्ही टेपरेकॉर्डर काढलाच नाहीत.

तुम्ही गेल्यावर ती कॅसेट माझ्या बॅगेतून इकडे अमेरिकेत, रेडमंडला आली. कधी लावायचा धीर झाला नाही. २००६ च्या हिवाळ्यात कळलं, इथलं एक विद्यापीठ असल्या जुन्या टेप्स कॉम्प्युटरवर उतरवून देतं. सुट्टी टाकली आणि पावसात ड्राइव्ह करत गेले. तिथल्या बाई झांबियाच्याच निघाल्या, तुम्ही शिकवायचात त्याच गावाजवळच्या. त्यांनी हेडफोन दिले. "अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजनवर्ग..." माझा चिरका आवाज! मी डोळे मिटून घेतले. चार मिनिटांत भाषण संपलं, खट्ट झालं, आणि मुसळं पडू लागली. धप, धप, आणि त्यावर बायकांचा गळा. बाकी सगळं शिल्लक होतं, बाबा! त्या बाई हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "हे तुझ्या वडिलांवरच रचलंय. मास्तर, ती आवाज पकडायची पेटी ठेव खाली आणि मुसळ घे हातात!" आणि मागे तुम्ही खदखदून हसताय. पुढे सुट्टीत त्या बाई या गाण्यांची सीडी घेऊन त्या गावात गेल्या. एका म्हातारीनं आपल्या वारलेल्या बहिणीचा आवाज ओळखला आणि पुन्हा पुन्हा लावायला लावला, असं त्यांनी कळवलं.

मग मी आईला फोन करून सगळं सांगून टाकलं. "ठाऊक होतं गं मला," ती म्हणाली. "तुझं भाषण स्वयंपाकघरात ऐकू येत होतं की." फोन ठेवून मनसोक्त रडले, मग आमटीभात केला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

हे पत्र पाठवणार कुठे! पण खरं सांगू? तुम्ही असतात, तर आजही मी तोंड उघडलं नसतं. आईच कधीतरी सांगेल म्हणून वाट बघत बसले असते.