आम्ही तुझ्याकडे आलो आहोत

ता. २ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी मजेत आहे. म्हणजे सगळ्यांना तसंच लिहायचं ठरवलंय, मग तुलाच वेगळं कशाला लिहू? हे गेल्यानंतरचा हा पहिलाच उन्हाळा. घर इतकं गप्प असतं, की फ्रीज सुरू झाला तरी कोण आलं म्हणून मी मान वर करते.

पुढच्या शनिवार-रविवारला लागून सोमवारची सुट्टी आहे. दोघं या ना. बसने दीड तास, तोही बसायला जागा मिळून. मागची खोली झाडून ठेवली आहे. आग्रह मुळीच नाही हं. आग्रह केला की तू हमखास उलटं करतेस, हे तुझ्या जन्मापासून बघतेय. मेहुण्यांना सांग, माझं शिलाई मशीन ठणठणीत आहे, हत्यारांची पिशवी आणायची नाही. नुसतं यायचं, खायचं आणि लोळायचं.

लोभ आहे म्हणतेस ना, तर एकदा येऊन दाखव.
तुझी,
ताई


ता. ५ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आग्रह नाही म्हणत म्हणत चांगला भरपूर केलास! पण नाही गं जमणार. यांचा रक्तदाब वाढलाय. डॉक्टरांनी दटावलं, तीन दिवस काम बंद, नाहीतर दवाखान्यात झोपवतो. तुला माहीतच आहे, शाळा उघडायच्या आधी गणवेशांची घाई असते, आणि नेमकी तेव्हाच गावातली सगळी शिलाई मशीनं रुसतात. यांचं दुरुस्तीचं दुकान घराच्याच खाली. घास तोंडात असताना शिंपी सुई घेऊन दारात हजर.

आता या उन्हात प्रवासाची दगदग नको, म्हणून सुट्टी घरातच काढायची ठरवली. पण घरी आहोत हे कळलं तर कसली डोंबलाची विश्रांती? तेव्हा पुढच्या दाराला बाहेरून कुलूप, आम्ही मागच्या दाराने आत. आणि सगळ्यांना सांगितलंय, आम्ही तुझ्याकडे चाललोय. खरं वाटावं म्हणून शेजारणीला तुझा पत्ताही देऊन ठेवलाय. कुणी विचारलंच तर हो म्हण, एवढं कर.

रागावू नकोस. पुढच्या सुट्टीला नक्की, अगदी नक्की.
लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
धाकटी


ता. १२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झाली एकदाची सुट्टी! आपल्याच घरात चोरासारखं राहायचं म्हणजे काय असतं, ते माझ्याकडून ऐक. पडदे बंद. नळ सोडायचा तो धार न वाजता. शिंक आली की तोंड उशीत. बोलायचं ते कुजबुजत, आणि यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे प्रत्येक वाक्य डाव्या बाजूला जाऊन पुन्हा. एवढ्याशा खोलीत माझ्या किती फेऱ्या झाल्या ते विचारू नकोस.

शनिवारी लोकांनी कुलूप हलवून हलवून जीव नकोसा केला. हे दात-ओठ खात होते, म्हणाले, मेलो तरी ही माणसं स्मशानात मशीन घेऊन येतील. शेजारी कुणाचं तरी मशीन खडखडत होतं. हे पडल्या पडल्या त्याचे आजार सांगत होते आणि मी यांना पंख्याने वारा घालत होते.

खरी गंमत रविवारी. सकाळपासून एकजण फिरकला नाही. मला वाटलं, आता हा माणूस झोपेल. कसला झोपतो! दर थोड्या वेळाने पडद्याच्या फटीला डोळा. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं का, आपलं कुणाला काही पडलेलं नाही का, हीच टकळी. चौकातला जाडा शिंपी कधी चुकत नाही, तोही आला नाही म्हणून तर जेवणसुद्धा गेलं नाही. आज डॉक्टरांनी रक्तदाब बघितला. होता त्याहून वर. विश्रांती मानवत नाही म्हणाले आणि कामावर पाठवलं. आता हे खाली खुशीत शीळ घालतायत.

तुझ्याकडे आलो असतो तर बरं झालं असतं, असं एकदा मनात आलं खरं. तुझे दिवस कसे गेले?
लोभ असू दे, थोडी दयाही असू दे.
तुझी,
धाकटी


ता. १५ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमचा जाडा शिंपी रविवारी माझ्याकडे होता. सकाळीच दारात उभा, काखेत मशीनचं डोकं, घामाने निथळत होता. शेजारणीने पत्ता दिला म्हणाला.

खरं सांगते, तुझं पत्र आल्यापासून मी चिडले होते. बोलावलं तर यायचं नाही, आणि नाव मात्र माझंच पुढे करायचं. चोर तो चोर वर शिरजोर! सगळं सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मेहुण्यांचा रक्तदाब आठवला. म्हटलं, दोघं तळ्यावर फिरायला गेलीत, येतील एवढ्यात.

तो म्हणाला, मग थांबतो की. आता आली का पंचाईत! चहा झाला, जेवायची वेळ झाली. खोटं उघडं पडायला नको म्हणून तुमचीही ताटं मांडली. तो तुमची चौकशी करायचा आणि मी सांगायची. मेहुणे माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत ठेवत पुन्हा पुन्हा वाढून घेतात. काल रात्री आपण दोघी लहानपणच्या गोष्टी काढून हसून हसून बेजार झालो. धाकटीने न सांगता भांडी घासली, हेही दिलं ठोकून. तेवढ्यावर मात्र त्याचा विश्वास बसेना. थांबताच येईना गं मला. हे गेल्यापासून एका दिवसात एवढं बोलले नव्हते.

ऊन उतरल्यावर तो उठला. मशीन पुन्हा काखेत मारलं आणि म्हणाला, राहू द्या, त्यांची सुट्टी मोडायला नको, मी घालीन चार दिवस हातानेच टाके. पायरी उतरता उतरता वळून म्हणाला, बाई, घरात माणसं आली की तुमचा चेहरा किती खुलतो हो.

तो गेला आणि मी आवरायला घेतलं. चार ताटं. त्यातली तुमची दोन कोरी होती. तीही मी घासली.

लोभ आहेच.
तुझी,
ताई