उभ्या गाडीची बॅटरी

बाबा, गेल्या आठवड्यात माझी गाडी सुरू झाली नाही. तुम्ही ही गाडी पाहिलेली नाही, तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी घेतली. आता तीही म्हातारी झाली आहे, आणि दिल्लीत आणि आसपास हल्ली हिवाळ्यात हवा बिघडली की जुन्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणायला बंदी होते. त्यामुळे कितीतरी दिवस ती नोएडात आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी होती. उभी होती म्हणजे मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं असं समजू नका. दर रविवारी सकाळी मी खाली जात होते, सेल्फ मारत होते आणि वर आईचा चहा उकळून गाळून होईपर्यंत इंजिन चालू ठेवून आत बसत होते, अगदी तुम्ही शिकवलंत तसं. तरी बंदी उठल्यावर किल्ली फिरवली तर नुसतं टक टक. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि गेले. शेवटी शेजाऱ्यांच्या गाडीला वायर जोडून कशीबशी सुरू केली.

वर आले तर माझी लेक हसायला लागली. तिचं मराठी दिल्लीत वाढलेल्या पोरांचं असतं तसं आहे, पण बोलते मुद्द्याचं. "अगं आई, यार, गाडी उभी करून स्टार्ट ठेवण्याने बॅटरी चार्ज नाही होत. सेल्फ मारताना जेवढी जाते ना, तेवढीपण परत भरत नाही. चालवावी लागते. एक लांब चक्कर मारून आण, बस." मी म्हणाले, आम्ही चार वर्षं अशीच ठेवली होती, माझ्या बाबांनी शिकवलंय. "मग आजोबांना माहीत नसणार," ती म्हणाली. मी तुमची बाजू घ्यायला तोंड उघडणार, तोच मटार सोलत बसलेली आई मान वरसुद्धा न करता म्हणाली, "त्यांना सगळं माहीत होतं. म्हणून तर वरचे काका दर बुधवारी गाडी फिरवून आणायचे."

बाबा, मी तिथेच खुर्चीत बसले.

तुमची शिलाँगला बदली झाली तेव्हा मी कॉलेजात होते. तिकडे बदली झाली की दिल्लीचं सरकारी क्वार्टर ठेवता यायचं, म्हणून आई आणि मी आर. के. पुरमलाच राहिलो आणि तुम्ही एकटे गेलात. मला लायसन्स मिळून थोडेच दिवस झाले होते. तुम्हीच शिकवलं होतंत, क्लच सोडताना गाडीने आचका दिला की "म्हैस आहे का ती?" असं ओरडत. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला खाली नेलंत. कडुनिंबाखाली पांढरी गाडी, मागच्या चाकाला वीट. बॉनेट उघडून एकेक दाखवलंत. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी आली की गरम पाण्याने धुवायची, वर व्हॅसलीन लावायचं. थंडीत चोक ओढायचा. गिअर न्यूट्रलला, आणि त्याला हात लावायचा नाही. "गाडी हलवायची नाही, अगदी अडीनडीची वेळ सोडून. पण बॅटरी उतरता कामा नये. गाडी तुझ्यावर आहे." मग माझ्या हातावर किल्ली ठेवलीत आणि म्हणालात, परत आलो की संक्रांतीला पानिपतला तू चालवायचीस.

पानिपत म्हणजे आपल्या घरची तीर्थयात्राच. दिल्लीतली आपली चार मराठी कुटुंबं दर संक्रांतीला काला अंबला जायची, स्मारकाला फुलं वाहायची आणि मग थंडीत कुडकुडत गुळाच्या पोळ्या खायची. दर वर्षी तुम्ही तिथे कोणाला तरी "विश्वास तर पानिपतातच गेला हो" असं म्हणायचात आणि दर वर्षी सगळे पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. त्या रस्त्यावर तुम्हा सगळ्यांना मागे बसवून मी गाडी चालवणार होते. चार वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली.

रविवार उजाडतो. धुकं इतकं की समोरच्या ब्लॉकचे जिने दिसत नाहीत. मी स्वेटरवर तुमचं जाकीट घालून खाली जाते, ओलं कव्हर काढते, चोक ओढते, किल्ली फिरवते. गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. मी आत बसून राहते. सीट इतकी मागे असते की माझे पाय जेमतेम पेडलला पोचतात, पण ती मी पुढे ओढत नाही, कारण ती तुमची सीट आहे, तुम्ही ठेवून गेलात तशी. पुढेपुढे तर ती पहिल्यापेक्षाही मागे वाटायला लागली. मला वाटायचं, तुम्ही दूर गेल्यापासून माझ्या आठवणीत उंच झालात. असलं काहीतरी सुचून माझे डोळेसुद्धा भरायचे. मग संध्याकाळी तुमचा फोन. आईची विचारपूस व्हायची, मग मला विचारायचात, "गाडी?" मी म्हणायचे, "पहिल्या झटक्यात." तुम्ही म्हणायचात, "शाब्बास." त्या एका शाब्बासवर माझा आठवडा जायचा.

ती उंची काकांची होती, बाबा. वरच्या मजल्यावरच्या, तुमच्याच ऑफिसातल्या, दारातून वाकून आत येणाऱ्या काकांची. आईने मग सगळं सांगितलं: बुधवारी मी कॉलेजात असताना ते दुसरी किल्ली घेऊन यायचे, गाडी पार विमानतळापर्यंत नेऊन आणायचे, वीट पुन्हा चाकाला लावायचे, कव्हर घालायचे. किलोमीटरच्या मीटरची केबल तर कधीचीच तुटलेली होती. आई त्यांना चहा द्यायची आणि मी यायच्या आत कपबशी विसळून ठेवायची. म्हणजे बॅटरी काकांनी जगवली आणि शाब्बास मी घेत राहिले. मी नुसती साप साप म्हणून भुई धोपटत होते.

तरीही इथपर्यंत असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. लहान मुलाला लाटणं हातात देऊन एका बाजूला बसवतात तसं मला बसवलंत, ठीक आहे. पण पुण्याचं काय? बी.ए. झाल्यावर मला पुण्यात एम.ए.ला प्रवेश मिळाला होता. हॉस्टेलही मिळालं होतं. मी नाचत तुम्हाला फोनवर सांगितलं. तुम्ही नेहमीच्या सावकाश आवाजात म्हणालात, "अच्छा. छान. पण गाडी कोण बघणार? बॅटरी उतरली, आईला अचानक कुठे न्यायची वेळ आली, तर? तू बघ काय ते." तुम्ही नाही म्हणाला नाहीत. तुम्ही कधीच नाही म्हणायचा नाहीत. मी आठवडाभर विचार केला आणि गेले नाही. कोणी अडवलं नव्हतं, मीच जबाबदार मुलगी होते. आपल्यावाचून काहीतरी बंद पडेल, या समजुतीवर मी पुढचं सगळं आयुष्य उभं केलं, नोकरीत, सासरी, सगळीकडे. आणि ज्या गाडीसाठी राहिले ती बुधवारी रस्त्यावर मस्त धावत होती. तोंडाला पानं पुसलीत तुम्ही माझ्या. अशा थंड डोक्याने, आणि तेही फोनवरून.

आणि पानिपत. शिलाँगहून तुम्ही संक्रांतीच्या आदल्याच दिवशी परत आला होतात. पहाटे मी नवीन स्वेटर घालून, पर्समध्ये लायसन्स ठेवून ड्रायव्हरच्या दाराशी उभी. तुम्ही माझ्या हातातून किल्ली घेतलीत आणि काकांना दिलीत. "धुकं फार आहे. हायवे आहे, ट्रक असतात. पुढच्या वर्षी बघू. यांचा हात बसलाय या गाडीवर." काका माझ्याकडे न बघता आत बसले. सीटला हातही न लावता बसले आणि बरोब्बर बसले. मी मागे आईशेजारी गुळाच्या पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते, हे सगळं डोळ्यांसमोर घडत होतं, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. काला अंबला तुम्ही तुमचा विनोद केलात तेव्हा मीही हसले. पुढची संक्रांत यायच्या आत तुम्ही गाडी विकलीत.

काल रविवार होता. लेकीने सांगितलेली लांब चक्कर मी पानिपतला मारली. आईला शेजारी बसवलं. ट्रक होते, पण एवढे काही नव्हते. मी एकदाही चुकले नाही, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. वाटेत मुरथलच्या ढाब्यावर पराठे खाताना मी तिला सरळ विचारलं, का केलं त्यांनी असं? ती म्हणाली, "तू पुण्याला गेलीस तर परत येणार नाहीस, असं त्यांना वाटायचं. सरळ नाही म्हणायची त्यांची हिंमत नव्हती. म्हणून गाडी पुढे केली."

"आणि तू?"

"मी त्यांना म्हटलं होतं, पोरीला फसवू नका. बास. तेवढंच म्हटलं." मग पराठ्याचा तुकडा तसाच हातात धरून म्हणाली, "पण तू राहिलीस ते मला बरंच वाटलं होतं गं." मला तिच्यावर ओरडता आलं नाही. ब्याऐंशी वर्षांची आहे ती. खरं तर ओरडायचं होतं.

काला अंबला काही गर्दी नव्हती. सांगलीकडून एक बस आली होती, लोक चपला काढून फोटो घेत होते. आई बाकावर उन्हाला बसली. मी स्मारकासमोर उभी राहिले आणि तुमच्यावर मनसोक्त चिडायचं असं ठरवून आले होते, ते जमलं. तुम्हाला मी परत यायला हवी होते, तर तसं म्हणायचंत. मी कदाचित राहिलेही असते. पण मग ते राहणं माझं झालं असतं. बसमधल्या एका बाईंनी विचारलं, तुम्ही कुठून आलात? मी म्हणाले, नोएडाहून, गाडी चालवत. त्यांनी कौतुकाने मान हलवली. माझं तेवढ्यानेही भागलं.

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही उत्तरात "तू बघ काय ते" एवढंच लिहिलं असतंत. पण एक गोष्ट सांगून टाकते, मला आवडत नसली तरी. आज सकाळी ऑफिसला जायला बेसमेंटमध्ये गेले. कडाक्याची थंडी होती. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. या वेळी कोणा काकांनी नाही, मी चालवून आणली होती. त्या रिकाम्या बेसमेंटमध्ये मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, पहिल्या झटक्यात." आणि मग, इतकं सगळं कळल्यावरही, तुमचं शाब्बास ऐकू येईल म्हणून थोडा वेळ थांबले.