मंगळवारचे यंत्र मुदतीआधी बंद केल्याबाबत

प्रति,
मा. विभागीय सहकार अनुदान अधिकारी,
देखरेख शाखा, कोस्कीलाम्पी.

अर्जदार : ओस्मो केम्पाइनेन,
एकसदस्यीय संगणक निर्णय समिती,
हाउकिवारा दुग्ध सहकारी संस्था, मु. हाउकिवारा.

विषय : संस्थेचे जुने संगणक यंत्र ३१ डिसेंबरपूर्वी, विनापरवानगी आणि पहिल्या खेपेस चुकीच्या पद्धतीने बंद केल्याबद्दल खुलासा, तसेच ते पुन्हा सुरू करण्याचा आदेश मागे घेण्याची विनंती.

संदर्भ : आपला आदेश, दि. २८ ऑक्टोबर २०२४, कलमे १ ते ४.

महोदय,

१. ज्या वर्षी अर्जदाराची थोरली मुलगी हेल्का हिचा बाप्तिस्मा झाला आणि पाद्रीबाबांची गाडी आमच्या अंगणातल्या बर्फात रुतून बसली, त्या वर्षी, म्हणजे १९८४ साली, संस्थेत संगणक आला. पाद्रीबाबांची गाडी ज्यांनी ओढून काढली त्याच चौघांना पुढच्या आठवड्यात बोलावून ते यंत्र लोण्याच्या तळघरामागच्या खोलीत उतरवून घेतले. अर्जदार त्या चौघांपैकी एक. यंत्राचा मागचा डावा कोपरा त्याने उचलला होता. आदेशाच्या कलम २ मध्ये आपण "समितीची तांत्रिक पात्रता काय" असे विचारले आहे, त्याचे संपूर्ण उत्तर वर आले आहे.

२. सदर यंत्र दर मंगळवारी सभासदांच्या दुधाचा हिशेब करी. कोणी किती दूध घातले, त्यात साय किती, पैसे किती. हिशेब बरोबर येई, पण यंत्राला एकटे सोडून चालत नसे. दर थोड्या वेळाने ते पडद्यावर प्रश्न विचारी आणि समोरच्या माणसाने कळ दाबून उत्तर दिल्याखेरीज पुढे सरकत नसे. सकाळी बसलेला माणूस संध्याकाळीच उठे. हा माणूस म्हणजे श्रीमती इर्या तोलोनेन. यंत्राचा प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता आणि तो दुसऱ्या कोणाला कळत नव्हता. तिला निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली तरी मंगळवार काही सुटला नाही. तिच्या सत्तराव्या वाढदिवशी संस्थेने तिला यंत्राचा फोटो चौकटीत घालून भेट दिला. तिने तो सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत, कपडे अडकवायच्या खुंट्यांच्या वर लावला. आम्ही सगळे म्हणालो, बघा, किती जीव आहे तिचा त्याच्यावर.

३. गेल्या वसंतात आपल्या कार्यालयाचे अनुदान आले. हिशेब क्लाउडवर न्यावा की नाही, म्हणजे आपल्या खोलीतले यंत्र सोडून दूरच्या मोठ्या यंत्रांवर भाड्याने ठेवावा की नाही, हे संस्थेने ठरवायचे होते. वर्षअखेरपर्यंत दोन्हीकडे हिशेब समांतर चालवून पाहायचा, ही अट. त्यासाठी शाळेच्या सभागृहात सभा झाली. कॉफी आणि वेलचीचा गोड पाव होता. सभेचा वृत्तान्त इतिवृत्तात नीट उतरलेला नाही, म्हणून जसा झाला तसा देतो.

अध्यक्ष पेन्टी मोइलानेन म्हणाले, "जुनं यंत्र उद्या बसलं तर दुधाचे पैसे कोण मोजणार? तुझी गाय?"

लेम्पी कार्पिनेन म्हणाली, "आणि आपला हिशेब परक्याच्या घरी ठेवायचा? वादळात तार तुटली की बसा बोंबलत!"

"तार तुटली तर फोन करू."

"फोन काय चुलीतून येतो? त्याच तारेवरून ना!"

असे तासभर चालले. अर्जदार तेवढा वेळ मिठाची गुळणी धरून बसला होता. त्याचे कारण विचारपूर्वक मौन हे नव्हते. अर्जदाराची नवी कवळी त्याच आठवड्यात आली होती, तिच्यात गोड पाव अडकला होता आणि तोंड उघडले असते तर दोन्ही टेबलावर पडले असते. आमच्या गावात मात्र गप्प बसणाऱ्याची फार किंमत आहे.

"ओस्मोकडे बघा," पेन्टी म्हणाले. "आपण सगळे बरळतोय आणि तो विचार करतोय."

"खरंय," लेम्पी म्हणाली. संध्याकाळभरात त्या दोघांचे एवढ्या एकाच गोष्टीवर जुळले. "त्याच्यावरच सोपवा."

अर्जदाराने नकार देण्यासाठी हात वर केला. तो ठरावाच्या बाजूने मोजण्यात आला. अशा रीतीने एकसदस्यीय समिती एकमताने स्थापन झाली.

४. समितीने काम सुरू केले. सल्लागार कुमारी सान्ना यांनी जाडजूड अहवाल पाठवला. अर्जदार अक्षरे उशिरा शिकला. शाळेत त्याच्या डोळ्यांपुढे अक्षरे जागची हलत आणि मास्तरांचा हातही हले. हेल्का पहिलीत गेली तेव्हा तिच्याच पुस्तकातून, तिच्या शेजारी बसून, तो वाचायला शिकला. ती कधीच पुढे निघून गेली. अर्जदार अजून ओळीखाली बोट धरून वाचतो. त्यामुळे उन्हाळ्याच्या सणाला हाती घेतलेला अहवाल बटाटे काढायच्या वेळेला संपला. त्यात दोन्ही बाजू इतक्या छान मांडल्या होत्या की वाचण्यापूर्वी अर्जदाराला जे थोडेफार मत होते तेही गेले.

मधल्या काळात गावात जो भेटेल तो एकच गोष्ट कानात सांगे. पेन्टी म्हणाले, "काय ठरवायचं ते ठरव, पण इर्याला आत्ताच कळू देऊ नकोस." लेम्पी म्हणाली, "यंत्र गेलं तर ती आठवडाभर टिकायची नाही." कारण इर्याला आजार होता. पोटातला, बरा न होणारा. डॉक्टरांनी नाताळपर्यंतचे नाव काढले होते, तेसुद्धा अडखळत. असे असूनही ती दर मंगळवारी काठी टेकत तळघरामागच्या खोलीत येऊन बसे. क्लाउडवरचा हिशेब कॉफी उकळायच्या आत पुरा होऊन पैसे सभासदांच्या खात्यात पडत. पण ते तिला कोणीच सांगितले नाही. तिने संध्याकाळी हिशेबाचा कागद आणून दिला की पेन्टी तो दोन्ही हातांनी घेत, "छान, छान" म्हणत आणि ती वळली की खोक्यात टाकत.

समितीपुढे प्रश्न आता हिशेबाचा राहिला नव्हता. त्या बाईचे जे काही थोडे मंगळवार उरले होते, ते हिरावून घ्यायचे की नाही, एवढाच प्रश्न होता. समितीने ठरवले की नाही. तसा निर्णय लिहून काढला : "इर्या आहे तोवर जुनेच यंत्र चालू ठेवावे."

५. तो निर्णय अर्जदाराने तिला स्वतः वाचून दाखवला. तिला आनंद होईल असे वाटले होते. तिच्या स्वयंपाकघरात झालेले संभाषण पुढीलप्रमाणे :

"ओस्मो, हे तू माझ्यासाठी लिहिलंस?"

"हो."

ती हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "अरे मूर्खा, ते डबडं मला पहिल्या दिवसापासून आवडत नाही."

"मग फोटो?"

"खिळा उघडा दिसत होता म्हणून लावलाय."

"आम्हाला वाटलं, यंत्र काढलं तर तुला लागेल."

"आणि मला वाटलं, माझ्याशिवाय तुमचं अडेल. मग गेल्या वसंतापासून बघतेय, सकाळीच सगळ्यांच्या खात्यात पैसे येतात आणि मी संध्याकाळपर्यंत त्यांचाच हिशेब करत बसते."

"तुला माहीत होतं?"

"माझंही खातं आहे की बँकेत!"

"मग बोलली का नाहीस?"

"पेन्टी तो कागद दोन्ही हातांनी घेतो रे. म्हटलं, म्हाताऱ्यांना त्यातून काहीतरी समाधान मिळत असेल."

यावर दोघांनी कॉफी घेतली आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. एवढे होऊनही सवय जात नाही.

नंतर तीच म्हणाली, "मंगळवारी दुपारी तिकडे लाकडी मंडपात म्हाताऱ्यांचा नाच असतो. टँगो वाजवतात. नवरा गेल्यापासून जाईन जाईन म्हणतेय. पण मंगळवार." मग थोड्या वेळाने, "बंद कर ते."

अर्जदार म्हणाला, "३१ डिसेंबरपर्यंत चालवायची अट आहे. परवानगी लागेल."

"डिसेंबरात मी नसेन, ओस्मो. मला तोवर थांबवून ठेवणारं सरकारी पत्र मिळत असेल तर तेही बघ."

असे पत्र आपल्या कार्यालयातून मिळते किंवा कसे, याची अर्जदाराने चौकशी केली नाही. ती केली असती तर निदान नियमानुसार झाले असते.

६. अर्जदाराने कुमारी सान्ना यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "तसं बंद केलं तरी काही अडत नाही, काका. पण हे मी म्हटलं नाही हं." सदर वाक्य अनवधानाने लिहिले गेले आहे. अर्जदार खाडाखोड केली की पूर्ण पान पुन्हा लिहितो आणि एका पानाला सकाळ जाते. तरी आपण ते वाचले नाही असे समजावे.

७. मंगळवार, दि. ३ सप्टेंबर रोजी अर्जदार व श्रीमती तोलोनेन तळघरामागच्या खोलीत गेले. "तूच काढ," ती म्हणाली, "मला बसून बघायचंय." अर्जदाराने भिंतीकडे हात घातला आणि जोर लावून तार ओढली. यंत्राचा दिवा तसाच जळत राहिला. ओढलेली तार भिंतीपलीकडच्या कॉफीच्या यंत्राची होती. हिशेबाचे यंत्र बंद पडले असते तर दुग्धालयात कोणाच्या लक्षातही आले नसते. कॉफीचे यंत्र बंद पडताच लोणी विभाग, चीज विभाग आणि दोन टँकरचालक दारात हजर झाले. पाठोपाठ पेन्टी आले.

"काय चाललंय?"

"समिती निर्णय घेतेय," इर्या म्हणाली. "चुकीच्या तारेपासून सुरुवात केलीय."

पेन्टींनी तिच्याकडे पाहिले, मग यंत्राकडे, मग जमिनीकडे. "इर्या, तुला चालेल ना?"

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं," ती म्हणाली. "चालेल."

तेव्हा योग्य तार ओढण्यात आली. प्रथम कॉफीची तार परत लावण्यात आली. हा क्रम जमलेल्या कर्मचाऱ्यांच्या आग्रहावरून ठरला. आपल्या कार्यालयास कळवायचे कोणाच्याही ध्यानात आले नाही, कारण ते काम समितीचे होते आणि समिती टेबलाखाली योग्य तार शोधत होती.

८. त्यानंतर दर मंगळवारी दुपारी अर्जदार तिला गाडीतून मंडपात नेत असे. तिने निळा पोशाख काढला होता. तो तिला सैल झाला होता, तिने कमरेशी पिन लावली. ती जो विचारेल त्याच्याबरोबर नाचली, अर्जदार सोडून. अर्जदाराने एकदा प्रयत्न केला असता ती म्हणाली, "तू आपला मागचा डावा कोपराच उचल, ओस्मो." तेव्हापासून अर्जदार तिचा कोट मांडीवर घेऊन बाकावर बसे. पुढे पुढे ती एकदोन नाचांनंतर येऊन शेजारी टेके, आणि शेवटी नुसतेच ऐके, पायाच्या टाचेने ठेका धरून. एकदा म्हणाली, "बघ, इतकी वर्षं मी तळघरात बसले, तेव्हा ही मंडळी इथे होती." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार अर्जदाराची आहे आणि ती स्वतःविरुद्ध आहे. सोसायटीत सगळ्यात गप्प बसणारा म्हणून त्याला शहाणा ठरवले, आणि शहाण्याने फक्त विचारायचे होते.

९. नव्या पद्धतीत दोष आढळला काय, असे कलम १ मध्ये विचारले आहे. एक आढळला. पेन्टी मोइलानेन यांच्या बैलाच्या नावावर दूध दाखवले जात होते. चौकशीअंती हा दोष जुन्याच हिशेबातून आल्याचे निष्पन्न झाले. त्या गोठ्यात एक जनावर कमी पडत होते आणि यंत्र पुढे जात नव्हते, म्हणून इर्याने त्याला गाय केले होते. "बैलाने कधी तक्रार केली नाही," असे तिचे म्हणणे पडले. दुरुस्ती झाली आहे. पेन्टी मात्र थोडे नाराज आहेत. बैलाचे दूध चांगल्या प्रतीचे होते.

१०. आता आपला आदेश. तो आला त्या दिवशी अर्जदाराने इर्याच्या खाटेशी बसून तो वाचून दाखवला, कारण कलम ४ मध्ये तिचे नाव होते : मूळ यंत्रचालकाने समक्ष हजर राहून यंत्र पुन्हा सुरू करावे व तशी सही द्यावी. ती म्हणाली, "ने मला. एक सही तर करायची, संस्थेच्या मागे कशाला लचांड?" अर्जदाराने नेले नाही. मंगळवार होता. मंडपापर्यंत जायची तिच्यात ताकद राहिली नव्हती, म्हणून रेडिओ लावला. आदेशाचा हा अवमान सर्वस्वी अर्जदाराचा आहे, संस्थेचा नाही.

११. तरी विनंती पुढीलप्रमाणे. हिशेब क्लाउडवर कायमचा न्यावा, हा समितीचा अंतिम निर्णय समजावा. दि. ३ सप्टेंबरच्या कृतीस कार्योत्तर मंजुरी मिळावी. ती देता येत नसेल तर दंड एकट्या समितीला करावा. समिती दर मंगळवारी दुपारी रिकामी असते. कलम ३ अन्वये यंत्र पुन्हा चालू करण्याचा आदेश मात्र कृपया मागे घ्यावा. ते आता फक्त प्रश्न विचारील, आणि उत्तरे ज्याला माहीत होती असा माणूस आमच्याकडे नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा, आणि यापुढे वेळेवर विचारण्याचा प्रयत्न करणारा,

आपला नम्र,
(सही)
ओस्मो केम्पाइनेन
हाउकिवारा, दि. १८ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१) समितीचा पहिला निर्णय (रद्द).
२) समितीचा दुसरा निर्णय.
३) बैलाच्या नोंदीची दुरुस्त प्रत.
४) कलम ४ नुसार यंत्रचालकाची सही जोडता येत नाही. श्रीमती इर्या तोलोनेन शनिवार, दि. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी हाउकिवारा येथे आपल्या राहत्या घरी वारल्या.