नाल्यापलीकडच्या फौजेचं बिल

जामुल रोड, भिलाई
बुधवार, दुपारचा चहा झाल्यावर

आदरणीय भाऊराव यांस,

दीनानाथचा कमरेतून जमेल तेवढा वाकून नमस्कार. इकडे मी, तुमची बहीण चंदा आणि सोसायटीची मागची भिंत असे तिघेही उभे आहोत. तिकडे तुमची तब्येत, वहिनींचे गुडघे आणि गच्चीवरची टाकी यांची हालहवाल सविस्तर कळवावी. (टाकीचं मुद्दाम विचारतो, कारण मागल्या खेपेला ती गळत होती आणि तुम्ही नुसतं ‘बघू’ म्हणाला होता. सरकारी ऑडिटात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचं ‘बघू’ म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे.)

भाऊराव, तुम्हाला आठवत असेल, आमच्या लग्नात तुम्ही दाराशी उभं राहून आमच्याकडच्या वऱ्हाडाची पानं मोजली होती आणि ठरल्यापेक्षा चौदा माणसं जास्त निघाली म्हणून जाहीर केलं होतं. तेव्हापासून गेली बत्तीस वर्षं, हिशेबातलं मलाही काही कळतं हे तुम्हाला एकदा दाखवायचं माझ्या मनात होतं. तुमच्या मते मी प्लांटच्या टाइम ऑफिसात बसून माणसं आली-गेली एवढंच लिहिणारा बाबू. तर आता शांतपणे बसून वाचा. गेल्या रविवारी दोन सोसायट्यांच्या भरसभेत मी जे केलं, ते तुमच्या ऑडिटवाल्यांपैकी एकानंही नोकरीत असताना केलं नसेल. छाती फुगवून लिहितो आहे आणि फुगलीच आहे, त्याला इलाज नाही.

आधी परिस्थिती सांगतो. आमची सोसायटी नाल्याच्या अलीकडे, विजयकुमार जिचे अध्यक्ष ती पलीकडे, आणि त्यांच्याही मागे आंब्याचा जुना बगीचा. त्या बगीच्यात लाल तोंडाची माकडं राहतात. त्यांना आमच्याकडे यायचं तर विजयकुमारांच्या हद्दीतूनच यावं लागतं. म्हणून तीन वर्षांपूर्वी दोन्ही सोसायट्यांचा करार झाला. त्यांनी सीमेवर फौज ठेवायची, माकडं तिथल्या तिथे परतवायची, आणि झालेल्या खर्चाचे शंभरातले साठ रुपये आम्ही भरून द्यायचे. (मी त्यांना तेव्हापासून ‘मित्रराष्ट्र’ म्हणतो. त्यांना ते आवडतं. बिलाच्या माथ्यावर ते स्वतःच तसं लिहितात.)

फौज म्हणजे खुर्सीपारचा नत्थू, एक माजी होमगार्ड आणि एक कुत्रा. नत्थूचं काम मोठं कसबी. तो हुबेहूब वानेराचा आवाज काढतो. काळ्या तोंडाच्या वानेराला लाल तोंडाचं माकड जाम भितं, त्यामुळे नत्थूनं घशातून एक ‘हूप’ टाकला की अख्खी टोळी बगीच्यात मागे फिरते. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, सहा हजार रुपये महिना घेणारा हा मनुष्य झाडामागे उभा राहून ओरडताना पाहिला की आपल्यालाही कंपाउंडवर चढावंसं वाटतं.

पहिली दोन वर्षं सगळं सुरळीत होतं. यंदा मार्चपासून मात्र हल्ले वाढले आणि हल्ल्यांबरोबर बिलं. मी खजिनदार. दर महिन्याच्या तीन तारखेला बिल माझ्या हातात. त्यातली कलमं वाचाल तर तुमची जुनी लाल पेन्सिल आपोआप उठून बसेल. सुतळी बॉम्ब, ठीक आहे. गलोलीच्या गोट्या चारशे, तेही समजू. पण ‘फौजेचा नाश्ता, पोहे-जलेबी, रोज नऊ माणसं’? फौजेत माणसं दोन, कुत्र्याला जलेबी चालत नाही, मग उरलेले सात कोण? ‘दुर्बीण एक’, जी मी स्वतः मैदानावर क्रिकेट बघणाऱ्या विजयकुमारांच्या गळ्यात पाहिली. आणि ‘हवाई पाळत’. ही म्हणजे सुपेल्याच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडून एक दिवस आणलेला ड्रोन, जो माकडांनी पकडून आंब्यावर नेला आणि अजून खाली आणला नाही. त्याची भरपाईही आमच्याच डोक्यावर. मी विजयकुमारांना विचारलं तर ते म्हणाले, लढाईत सामान जातंच. मी म्हटलं जातं, मान्य, पण गेल्याची नोंद कुठे आहे?

मग मी माझी विद्या बाहेर काढली. चौतीस वर्षं ज्या माणसानं हजेरी घेतली तो गप्प कसा बसेल? जूनपासून मी नत्थूला आणि होमगार्डला पितळी टोकन दिली, जुन्या टाइम ऑफिससारखी. येताना पेटीत टाकायचं, जाताना उचलायचं. (होमगार्डनं पहिल्याच आठवड्यात ते हरवलं आणि बिलात ‘टोकन, एक’ असं नवं कलम आलं.) पण फौजेच्या हजेरीनं भागेना, म्हणून मी माकडांचीही हजेरी ठेवायला लागलो. हसू नका. वही करून तारीख, वार, शिफ्ट, येणाऱ्यांची संख्या, नुकसान, सगळं आखलं. चार महिने एक दिवस चुकवला नाही. (शनिवारी सकाळी मी भाजीला जातो, तेव्हाचा आकडा गेटवरचा वॉचमन लांबून मोजून सांगे.) आणि वहीतून जे बाहेर आलं त्यानं माझी झोप उडाली. बाकी दिवशी माकडं वाटेल तेव्हा येत, पण दर शनिवारी सकाळी नऊ ते साडेनऊ, आमच्याच मागच्या भिंतीशी, पंचवीसच्या वर हजेरी! प्लांटमध्ये पगाराच्या दिवशीसुद्धा मी एवढी शिस्त पाहिली नव्हती.

शनिवारी सकाळी नऊला ड्यूटी कुणाची? नत्थूची. भिंतीखाली केळ्यांच्या साली पडलेल्या. माझ्यासारख्या अनुभवी माणसाला आणखी काय लागतं? माकडं आली तर फौज लागते, फौज लागली तर पगार चालू राहतो, म्हणून हाच शत्रूला रसद पुरवतो आहे, असं मी ठरवून टाकलं. सप्टेंबरपासून आमचा वाटा रोखला, कारण लिहिलं ‘संशयास्पद’. मित्रराष्ट्रानं लगेच नत्थूचा पगार रोखला. दिवाळी त्याची तशीच गेली. तो माझ्या दाराशी आला, आत आला नाही, पायरीवरच उभा राहिला आणि म्हणाला, “बाबूजी, तीन साल झाले मी वानेराचा आवाज काढून राहिलो. घरी बायको हाक मारते तं तोंडातून हूपच निघते. अन् तुमी म्हणता मी केळं देतो? मले तं सोताले केळं परवडत नाही.” भाऊराव, मी त्याला म्हटलं, पुरावा आण. हे वाक्य आता आठवलं की माझे कान गरम होतात.

पुरावा मीच आणायचा ठरवला. शनिवारी चंदानं मला नेहमीप्रमाणे पावणेनऊला भाजी आणायला सुपेल्याला पिटाळलं. मी पिशवी घेऊन निघालो आणि जिन्यानं गच्चीवर जाऊन टाकीमागे दडून बसलो, मोबाइल सुरू करून. नऊ वाजता माकडं रांगेनं भिंतीवर आली. नऊ वाजून पाच मिनिटांनी भिंतीच्या अलीकडून, म्हणजे आमच्या बाजूनं, एक हात वर आला. हातात केळ्यांचा घड, मनगटात हिरव्या बांगड्या. हात ओळखीचा होता. बत्तीस वर्षं त्याच हातचा चहा पितो आहे.

खाली जाऊन विचारलं तर तिनं लपवलं नाही. गेल्या फेब्रुवारीत तुमचं हृदयाचं ऑपरेशन झालं, त्या रात्री तिनं मारुतीला नवस केला होता. दादा बरा होऊन घरी आला तर एक्कावन्न शनिवार तुझ्या सेनेला जेवू घालीन. दोन डझन केळी आणि शेरभर भिजवलेले चणे, दर शनिवारी, घरखर्चाच्या ‘किरकोळ’ या सदरातून. (हे सदर मी लग्नापासून एकदाही तपासलेलं नाही. यावर तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे.) मी म्हटलं, मला सांगायचंस तरी. तर म्हणते, “तुमाले सांगून काय करू? तुमी मारुतीकडून पावती मागितली असती.”

म्हणजे पाहा, शत्रूला जेवण माझ्या घरातून, त्याला हाकलायला फौज मित्रराष्ट्राची, फौजेचा साठ टक्के खर्च माझ्या सोसायटीचा, आणि चोर म्हणून उपाशी कोण, तर नत्थू.

बिलांवरचा माझा अहवाल रविवारी दोन्ही सोसायट्यांच्या सभेत वाचायचा होता. ती रात्र कशी गेली ते विचारू नका. चंदाचं नाव गाळून ‘अज्ञात व्यक्ती’ लिहिता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण मग नत्थूच्या नावापुढे ‘संशयास्पद’ हा शब्द कायमचा राहिला असता. मी लिहिला होता तो, माझ्या अक्षरात. सभेत ऐंशी-नव्वद माणसं होती. मी पोहे-जलेबी वाचली, दुर्बीण वाचली, ड्रोन वाचला, विजयकुमार खुर्चीत खाली खाली सरकत होते. मग सातव्या कलमाला मी चष्मा पुसला आणि वाचलं की शत्रूस रसद खजिनदार दीनानाथ यांच्या राहत्या घरातून, त्यांच्या पत्नी चंदा यांच्या हातून पुरवली गेली, नत्थू निर्दोष आहे, त्याचा दोन महिन्यांचा पगार बारा हजार रुपये खजिनदार स्वतःच्या पेन्शनमधून देत आहे आणि सर्वांसमक्ष त्याची माफी मागत आहे. हात जोडले. पाकीट दिलं. नत्थूनं ते मोजलं नाही, खिशात टाकलं आणि म्हणाला, “बाबूजी, मोजू कावून? तुमी दहादा मोजलं असन.” बरोबर सांगतो, अकरा वेळा.

आणि मग गंमत. नाल्यापलीकडच्या गयाबाई उठल्या आणि म्हणाल्या की मंगळवारी त्या पोळ्या टाकतात. त्यांच्यामागे आणखी चार जणी उठल्या, दोन आमच्या, दोन तिकडच्या. अख्ख्या आघाडीच्या स्वयंपाकघरांतून शत्रू पोसला जात होता आणि वर मी त्याची हजेरी घेत होतो! पण भाऊराव, चंदाचं नाव मी वाचलं तेव्हा तिनं मान खाली घातली नाही. सरळ बसून राहिली. मला माझ्या अहवालापेक्षा तिचाच जास्त अभिमान वाटला, हे तुम्हालाच सांगतो, तिला सांगितलेलं नाही.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद आणि टाकीला प्लंबर मिळो, ही इच्छा.

तुमचा,
दीनानाथ

ता. क. : खरं काम आता सांगतो. सभा संपता संपता विजयकुमारांनी दुर्बिणीचा वचपा काढला. म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. ज्या कामासाठी केळी खर्च झाली ते काम झालं, असं प्रमाणपत्र आल्याशिवाय उरलेल्या तेरा शनिवारांना मंजुरी नाही. ठराव पास झाला. (मीही बाजूनं हात वर केला, तत्त्व म्हणजे तत्त्व.) तेव्हापासून चंदा जेवणात लक्ष देत नाही. नवस अर्धा राहिला आणि दादाले काही झालं तर, एवढंच म्हणते. तरी कृपया स्वतःच्या हस्ताक्षरात, दोन साक्षीदारांच्या सहीनं लिहून पाठवा की तुम्ही बरे आहात. फोनवरचं ‘ठीक’ चालणार नाही. जिना किती चढता, झोप लागते का, छातीत दुखतं का, सगळं कलमवार लिहा. खोटं लिहू नका, ती ओळखते.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायला डिंक सापडेना, तेवढ्यात शनिवार उजाडला. प्रमाणपत्र नाही, मंजुरी नाही, आणि चंदाला ताप. केळी घेऊन मीच भिंतीशी गेलो. पलीकडे नत्थू ड्यूटीवर होता, त्यानं पाहिलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. माकडं आली तेव्हा मी तुमचं पूर्ण नाव, नागपूरचा पत्ता आणि ऑपरेशनची तारीख मोठ्यानं दोनदा सांगितली. भाऊराव पुष्कळ असतात, वरती दुसऱ्याच कुणाच्या नावावर जमा व्हायला नको.