अमावास्येचा सामना

ता. २२ जाने. १९३५, मंगळ., नागाव
किहीमला कार्ड टाकलं. हुतूतू, दुसऱ्या फळीचा लीगचा सामना, रवि. ता. ३ फेब्रु., दुपारी चार, त्यांच्या मैदानावर. आमच्या क्रीडा मंडळाची पहिली फळी अध्यक्ष भाऊसाहेब स्वतः सांभाळतात. दुसरीचा पत्रव्यवहार माझ्या गळ्यात, पोस्टातला माणूस म्हणून. रविवार धरला, कारण पोस्ट बंद, मला जाता येईल.
खेळतो म्हणायला काय, नऊ गडी भरायला उभा असतो. पण मैदानावर पांडू (आमचा कप्तान, कोळीवाड्यातला) ओरडतो, "धर रे, पाय धर त्याचा!" त्या 'रे'साठी मी गुडघे सोलून घेतो. एरवी सगळ्या गावाला मी मास्तर. अहो-जाहो. आई गेल्यापासून अरे-तुरे करणारं दुसरं कोणी नाही.

ता. २७, रवि.
पोस्ट बंद. सरावही नाही. खानावळीत भटजींनी "भात?" विचारलं, मी मान हलवली. एवढंच. सोमवारी पहिलं गिऱ्हाईक खिडकीशी आलं की माझा आवाज घोगरा निघतो, त्यांना वाटतं मास्तरांना सर्दी. तीन वर्षं दर सोमवारी सर्दी.

ता. २९, मंगळ.
घोळ झाला. सराव संपल्यावर पांडू जवळ आला.
"मास्तर, तीन तारीख कुनी धरली?"
"मी."
"त्या दिसाला आवस हाय."
मग? म्हटलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. अमावास्येला उधाण, उधाणाला डोलीची (खांबांना बांधायची) जाळी समुद्रात, मासळीचे दिवस तेच. पांडू आणि त्याचे तिघे, फळीतले चारी कोळी गडी, तेव्हा होडीवर. गावातलं शेंबडं पोर सांगेल. मी रोज सकाळी शिक्क्यातली तारीख बदलणारा, मला तिथी कुठली सुचायला! पंचांग खानावळीच्या भिंतीला, माझ्या पाटासमोरच टांगलेलं.
"इचारला आसता तर?" एवढं बोलून गेला.
नाही विचारलं. माझ्या सोयीचा रविवार.

ता. ३१, गुरु.
मी लगेच दुसरं कार्ड टाकलं होतं, तारीख बदला म्हणून. आज किहीमचं उत्तर. तारीख तीच. न आल्यास नियमाप्रमाणे लीगमधून नाव कमी. निदान सात गडी हवेत, आमचे उरले पाच. मंडळ दुसरी फळी कशीबशी चालवतं. नाव कमी झालं तर बंदच करतील. मग संध्याकाळी साडेपाचनंतर मी काय करायचं?
सुपारीच्या वाडीतला रघू आणि त्याचा भाऊ हो म्हणाले. दोघेही लहानपणी खेळलेत म्हणे. झाले सात.

ता. ३ फेब्रु., रवि.
हरलो. पण नाव राहिलं.
पहाटेच गाडी जुंपून निघालो, पोचलो तेव्हा दीड. किहीमकरांनी शहाळी दिली आणि मग नऊ जणांनी मिळून आम्हांला धुतलं. रघू दम घेऊन गेला तो मधेच हसला, दम तुटला, मेला. त्याचा भाऊ त्याच्याकडे बघून हसला, तोही. एकेक बाहेर. शेवटी आमच्या बाजूला मी एकटा. मी मेलो की लोण, सगळी फळी गारद.
गेलो चढाईला. हुतूतूहुतूतू करत त्यांच्या कोपऱ्यापर्यंत. पाय धरला एकानं, दुसरा कमरेला. ओढत, सरपटत, तोंडात वाळू, दम चालूच. हात मधल्या रेघेवर पडला. दोघे मेले, माझे दोन उठले! किहीमची माणसंसुद्धा टाळ्या पिटत होती. मी वळून बघितलं, पांडूनं बघितलं का म्हणून. पांडू कुठला? तो समुद्रावर. माझ्यामुळे.
नंतर लोण बसलाच. असो.

ता. ४, सोम.
संध्याकाळी भाऊसाहेबांच्या पडवीत कमिटी. आधी माझं कौतुक, "मास्तरांनी अब्रू राखली." मग म्हणाले, "कोळ्यांची पोरं ही अशीच. ऐन वेळेस दांडी. चौघांची नावं काढा." तारीख कोणी ठरवली ते कोणी विचारलं नाही. मी बसलो होतो. चहा होता हातात. तोंड उघडलं आणि चहा प्यायलो.
सांगितलं असतं तर पत्रव्यवहार गेला, कदाचित मैदानही. म्हणून गप्प बसलो. दुसरं कारण नाही. भेकड.

ता. ५
शिक्क्यात तारीख बदलायची विसरलो. अकरा पत्रांवर कालचाच शिक्का. कोणाच्या लक्षात नाही आलं.

ता. ६, बुध.
सरावाला सहा जण. हुतूतू नाही, नुसता लंगडीचा खेळ. रघू म्हणाला, "मास्तर, तुमचा तो दम काय होता हो!" खूप बरं वाटायला हवं होतं. लवकर परत आलो. जेवण गेलं नाही.

ता. ७, गुरु.
सांगितलं एकदाचं. पोस्ट उघडण्याआधीच गेलो. भाऊसाहेब दात घासत होते. तारीख मी ठरवली, कोणाला न विचारता, पांडूनं पाच दिवस आधी सांगितलं होतं, त्यानं दांडी मारली नाही. सगळं एका दमात.
त्यांनी चूळ भरली. "अहो, तुमच्यासारख्यानं कशाला अंगावर ओढून घ्यायचं? मिटलं होतं की."
"मिटलं नव्हतं."
"मग द्या लिहून."
दिलं लिहून.

ता. ९, शनि.
दुपारी पांडू खिडकीशी. अंगाला खारं पाणी, डोळे लाल. तिकीट नको, कार्ड नको. मीच म्हटलं, भाऊसाहेबांना सांगितलंय, नावं परत येतील.
"आयकला."
"चूक माझी होती."
"तारीख चुकली, त्याचा काय न्हाय मास्तर. कुनाचीबी चुकंल." खिडकीच्या गजाला धरून उभा. "तुमी तवा थयंच बसला व्हतात ना? आमची नावं काढली तवा?"
"हो."
"आन काय बोलला?"
मागे मनीऑर्डरवाली म्हातारी उभी होती. तो बाजूला झाला आणि निघून गेला.
म्हातारीनं विचारलं, मास्तर, सर्दी झालीय का.

ता. १०, रवि.
कमिटी अकराला बसली. मला पडवीबाहेर बसवलं. चौघांची नावं परत. पत्रव्यवहार माझ्याकडून काढला, रघूला दिला. त्याला चार ओळी लिहिता येतात. खेळाडू म्हणून मास्तरांना ठेवायचं की नाही, ते कप्तानानं बघावं. भाऊसाहेब बाहेर येऊन हे सांगत होते तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात मला नको होता.
न्याय झाला. वाईट वाटतंय तरीही. दोन्ही खरं.

ता. ११, सोम.
सरावाला जायला पाऊल उचललं नाही. साडेपाचला खोलीत बसून कंदिलाची काच पुसली. दोनदा.

ता. १२, मंगळ.
गेलो. धोतर वर खोचून, सदरा काढून, माडाखाली उभा राहिलो. चौघे कोळी आले होते. मला सोडून आठ. रघूचा भाऊ आता येत नाही. पांडूनं माणसं मोजली. मोजताना नजर माझ्यावरून गेली, थांबली, पुढे गेली. मग चार-चार वाटून खेळ सुरू केला. कोणी जा म्हणालं नाही. ये पण म्हणालं नाही.
एकदा बाला कोळी (पांडूचा चुलतभाऊ) पळता पळता माझ्या पायाशी येऊन पडला. मी हात दिला. त्यानं घेतला, उठला, परत गेला. पांडूनं ते बघितलं.
अंधार पडेस्तोवर उभा होतो. सगळे गेल्यावर सदरा घातला.
उद्याही जाणार आहे. सदरा काढूनच उभा राहीन.