तिसऱ्या अंकापर्यंत बसलेला बाप

२ मार्च
एकदाची नोकरी लागली! नाटक कंपनीत पगारी नट, वर थिएटरमागच्या गल्लीत राहायला दोन खोल्या. बायकोने आल्या आल्या खिडक्या पुसायला घेतल्या. लेकीने पलंग मोडायचाच काय तो बाकी ठेवला. सहा वर्षांची आहे, कानाशी अखंड गुणगुण, म्हणून आम्ही तिला भुंगाबाईच म्हणतो. मला थेट मुख्य भूमिका मिळाली. नाटकात लेक तापाने जाते आणि बाप नुसता बघत बसतो. बसून पगार, आणखी काय हवं!

९ मार्च
तालमीत लेक म्हणजे पांघरुणाखाली दोन उश्या. माझा हात सारखा त्यांच्या कपाळाकडे जायचा. दिग्दर्शक वैतागला. म्हणाला, हा बाप उठत नाही, पाणी देत नाही, डॉक्टरला बोलावत नाही. डॉक्टर आपणहून येतो, तिसऱ्या अंकात. घरीही असेच बसत जा, अंगवळणी पडेल. म्हणून बसतो. बायको विचारते, मी नवरा केला की ओंडका? भुंगाबाई गुदगुल्या करून दमते. मी हलत नाही, दोघी हसतात.

१७ मार्च
पहिला प्रयोग. लोक हुंदके देत होते, टाळ्या थांबेनात. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

२१ मार्च
सासूबाई घरात पाय घसरून पडल्या, म्हणून बायको आईकडे गेली. निघताना रडली. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण हात उठला नाही.

२४ मार्च
भुंगाबाईला ताप. शेजारीण म्हणाली, डॉक्टर कोपऱ्यावरच राहतात, हयगय करू नका. बरं म्हणालो. खुर्ची पलंगाशी ओढली आणि बसलो.

२५ मार्च
ताप वाढलाय. कोपरा कुठे आहे ते ठाऊक आहे मला. पण हा दुसराच अंक. शेजारीण दार वाजवून वाजवून गेली. बाप दार उघडत नाही —
पोटात तुटायला हवं. काहीच तुटत नाही.

२६ मार्च
ओठ सुकलेत तिचे. पेला हाताशी आहे — उठायचं नाही —

पाणी मागितलं तिने. या मुलीला एकही वाक्य नाही, तसं हळूच सांगितलं. शहाणी पोर. गप्प झाली —

दुपार. अजून गप्प. हाक मारून बघावी. पण नाटकात तिला नावच नाही —