मागच्या खोलीतील वाहतुकीबाबत

आदरणीय मेहुणे, म्हणजे आमच्या घरात ज्यांना सगळे ‘दादा’ म्हणतात ते, यांना नात्याचा मान म्हणून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे मी सुखरूप आहे. तुमच्या बहिणीबद्दल मात्र खात्रीने सांगता येत नाही, कारण गेले दोन महिने ती माझ्याशी फार गोड वागते आहे. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केलेल्या माणसाला गोडव्याची धास्ती वाटते. दुकानदार हसून ‘या साहेब’ म्हणाला की मी आधी पारडं उलटं करून बघायचो, आणि दहापैकी आठ वेळा खाली मेणाचा गोळा निघायचा. तेव्हा स्पष्टच विचारतो, राग मानू नका : तुम्हाला माझी मागची खोली हवी आहे का?

आठवून बघा. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही आलात, जेवलात, आणि कोणी न सांगता उठून मागच्या खोलीत गेलात. तिथे माझी छोट्या आगगाड्यांची मांडणी आहे. (तुम्ही तिला ‘खेळणी’ म्हणालात. ते मी विसरलेलो नाही, पण आज तो विषय नाही.) भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्या, त्यावर तीन मार्ग, एक बोगदा, दोन स्टेशनं आणि एकशे चौदा इंजिनं. तुम्ही दारापासून खिडकीपर्यंत चालत गेलात आणि परत आलात. अकरा पावलं, मी मोजली. मग तुम्ही अगदी भोळेपणाचा आव आणून विचारलंत, ‘यातली चालते कुठली?’ आता मान्य करतो की त्या वेळी एकही चालत नव्हती. रुळांवर इतक्या गाड्या उभ्या होत्या, की कोणाला पुढे सरकायला वीतभर जागा नव्हती, आणि ही परिस्थिती अकरा वर्षं होती. पण संग्रह म्हटला की असं व्हायचंच. तुम्ही बाहेर पडलात, तुमची बहीण तुम्हाला बसस्टॉपवर सोडायला गेली, चांगली पाऊण तासाने परतली आणि म्हणाली, ‘अहो, थोडी इंजिनं कमी करा ना. मोजकी ठेवा, ती चालवा, मजा घ्या.’ तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त होताय, तुमच्या घरमालकाने घर विकायला काढलंय, आणि इकडे माझी खोली रिकामी करायची मोहीम सुरू होते, हा निव्वळ योगायोग म्हणायचा का?

मी लगेच हो म्हणालो. (नाही म्हटलं की समोरचा सावध होतो, हा नोकरीतला अनुभव.) बारा ठेवायची आणि बाकीची देऊन टाकायची असं ठरलं. पण दादा, फुकट द्यायला निघालेल्या माणसाकडे जग कसं बघतं याची तुम्हाला कल्पना नाही. दातांच्या डॉक्टरांना एक सुंदर हिरवं इंजिन नेऊन दिलं, तर त्यांनी ते कानाशी धरून हलवलं आणि यात बिघडलंय काय असं विचारलं. एवढी वर्षं माझ्या तोंडात हात घालणारा माणूस माझ्यावर संशय घेतो! कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचं तर विचारूच नका. त्याला नोकरीत असताना मी दोनदा पकडलं होतं, म्हणून झालं गेलं विसरावं या भावनेने खोका घेऊन गेलो. मला बघताच त्याने शटर अर्ध्यावर ओढलं, काटा पोटाशी धरला आणि बायकोला हाक मारली. मी खोका उघडला तर म्हणाला, साहेब, आता काय नवीन कायदा? शेवटी त्याने दोन गिऱ्हाइकांना साक्षीला उभं करून इंजिन स्वीकारलं आणि ‘यात माझी कुठलीही कबुली नाही’ असं माझ्याकडून लिहून घेतलं. उरलेली शंभर एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने नेली, तीही तीन शिक्षकांसमोर एकेक खोका उघडून. माणसांचा माणसांवरचा विश्वास इतका कसा उडाला, हे मला खरोखर कळत नाही.

तर रूळ मोकळे झाले आणि मी अकरा वर्षांत पहिल्यांदा एक गाडी सोडली. पूर्ण फेरीला दोन मिनिटं दहा सेकंद लागली. छान वाटलं हो, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या फेरीला तुमची बहीण चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, ‘बोगद्याआधी जरा हळू घ्या, शेवटचा डबा घसरतो.’ आणि तो घसरला! आता मला सांगा, जे मला ठाऊक नाही ते हिला कुठून ठाऊक? मी रात्रभर विचार केला. सकाळी रुमालाने रूळ पुसून पाहिले, तर अकरा वर्षं न वापरलेल्या रुळांवर धुळीचा कण नाही. म्हणजे माझ्या माघारी त्या खोलीत कोणीतरी येतं, साफसफाई होते, मापं घेतली जातात, फळ्यांना धक्के लागतात. त्यात भर म्हणजे रोज चार वाजले की हिचं सुरू होतं : ‘जरा फिरून या ना, किती वेळ घरात बसाल.’ पूर्वी मी दिवसभर घरात बसलो तरी हिने कधी हूं की चूं केलं नव्हतं. हे सगळं एकत्र ठेवलं की बेरीज तुमच्या नावाशी येऊन थांबते.

म्हणून उद्या चार वाजता मी छत्री घेऊन बाहेर पडणार आहे आणि दहा मिनिटांनी मागच्या दाराने परत येणार आहे. जो कोणी टेप घेऊन उभा असेल तो रंगेहाथ सापडेल. तुम्ही स्वतःच असलात तर समोरासमोरच बोलू. तुमच्या पलंगाची जागा तुम्ही मनात धरली असेल, तर ती कृपया सोडून द्या.

वहिनींना नमस्कार. कळावे, आणि खरं काय ते कळवावे.

आपला (अजून तरी) मेहुणा

ता. क. पाकीट फोडून लिहितो आहे. मी ठरल्याप्रमाणे आलो. दार किंचित उघडं होतं. आत कोणी टेपवाला नव्हता. तुमची बहीण माझ्या स्टुलावर बसून गाडी चालवत होती. ‘बसा, बसा, सुटतेय’ असं प्रवाशांना सांगत होती आणि बोगदा आला की ओठांचा चंबू करून शिट्टी देत होती. चौतीस वर्षांत मला ठाऊक नव्हतं की हिला शिट्टी वाजवता येते! मग इंजिनालाच म्हणाली, ‘आता बरं झालं बाई, वाट मोकळी झाली. सतरा गाड्या उचलून बाजूला ठेवायच्या आणि पुन्हा होत्या तशा लावायच्या, बोटं नुसती ठणकायची.’ दादा, मी दौऱ्यावर गेलो की, आणि निवृत्तीनंतर कुठे बाहेर पडलो की, अकरा वर्षं ही तेवढ्या गाड्या हलवून एक गाडी चालवत होती, आणि मी, वजनमापे निरीक्षक, मला कधी एक डबा इकडचा तिकडे दिसला नाही. मी सहा फेऱ्या होईपर्यंत दाराआड उभा राहिलो. मग तसाच उलट्या पावली गेलो आणि तासाभराने फाटकाशी मोठ्याने खोकत परत आलो. तुमच्यावर घेतलेला संशय मागे घेतो. माझं चुकलं, तुमच्या बाबतीत आणि त्याहून जास्त तिच्या बाबतीत.

ता. क. २. खरं काम हे. त्या गोष्टीला सहा दिवस झाले. मी रोज चारला बाहेर पडतो, पण कामं संपली. दुकानदाराकडून रोज मीठ आणतो. घरात मिठाच्या सहा पिशव्या झाल्या आहेत, तो पुन्हा काटा लपवू लागला आहे आणि तुमची बहीण माझ्याकडे संशयाने बघते. तिला सरळ सांगावं, तर ती लाजेल आणि तिथे पाऊल टाकणार नाही. किंवा मी शेजारी बसेन आणि तिच्या चुका काढेन, मला माझा स्वभाव माहीत आहे. तरी तुम्ही तिला (मला नव्हे) पत्र लिहा, की घर बदलायचंय, सामान बांधायला हक्काचा माणूस हवा, ह्यांना आठ दिवस पाठव. मी खरंच सामान बांधून देईन.

ता. क. ३. निघताना कोणती गाडी कुठे उभी आहे याची मी नोंद करून ठेवणार नाही. (केली होती. फाडली.) आणि एक शेवटचं : नोकरीत मी आगाऊ कळवून कधी कुठे गेलो नाही, पण परत येताना मी कितीच्या बसने निघतोय, ते तुम्ही तिला आदल्या दिवशीच फोन करून सांगा.